दोन स्पिनची 'बेरीज' करताना गुणाकार का करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात धड्याचं नाव आहे 'कोनीय संवेगाची बेरीज', पण धडा उघडला की पहिल्याच पानावर टेन्सर गुणाकाराचं ⊗ चिन्ह. मग नक्की करायचं काय, बेरीज की गुणाकार? दुसरं असं, की एका इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग) वर (↑) आणि दुसऱ्याचा खाली (↓) म्हटल्यावर बेरीज शून्य यायला हवी. तरीही ↑↓ + ↓↑ या अवस्थेचा स्पिन १ आणि ↑↓ − ↓↑ चा स्पिन ०, असं पुस्तक सांगतं. मधल्या एका चिन्हाने एवढा फरक कसा पडतो?

मी रत्नागिरीत २५ वर्षं हा धडा शिकवते आहे आणि दर वर्षी वर्गातली निम्मी मुलं नेमकी इथेच थांबतात. गणित त्यांना येत असतं. त्यांची गल्लत वेगळीच असते: अवस्था एकत्र कशा येतात आणि ऑपरेटर (अवस्थेवर काम करणारी, मोजायच्या राशींची गणिती रूपं) एकत्र कसे येतात, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकच झालेल्या असतात. अवस्था गुणाकाराने एकत्र येतात, स्पिनचे ऑपरेटर बेरजेने. धड्याच्या नावातली बेरीज ऑपरेटरांची आहे, पानावरचा ⊗ अवस्थांचा. दोन्ही बरोबर आहेत, एवढंच की ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत.

आधी अवस्था बघू. मिरकरवाड्याच्या धक्क्याला दोन होड्या लागल्या आहेत आणि प्रत्येकीवर एक कंदील आहे, पेटलेला किंवा विझलेला. लांबून बघणाऱ्याला किती वेगवेगळी चित्रं दिसतील? चार. पहिल्या होडीच्या प्रत्येक स्थितीबरोबर दुसरीच्या दोन्ही स्थिती शक्य आहेत, म्हणून २ × २. आता वेगळी गोष्ट घ्या. कंदील एकच आहे, तो या होडीत आहे किंवा त्या होडीत, आणि पेटलेला आहे किंवा विझलेला. इथेही चित्रं चारच, पण ती २ + २ अशी आली. पहिल्या गोष्टीत मधे 'आणि' आहे, दुसरीत 'किंवा'. टेन्सर गुणाकार म्हणजे 'आणि': पहिला कण असा आणि दुसरा कण तसा. 'किंवा'साठी जी रचना लागते तिला सरळ बेरीज म्हणतात, तिचं चिन्ह ⊕.

इथे एक सापळा आहे. दोन स्पिन-अर्ध (म्हणजे स्पिन ½ असलेल्या) कणांसाठी २ + २ आणि २ × २ या दोन्हींचं उत्तर ४ येतं, त्यामुळे चुकीचा विचार करूनही उत्तर जुळतं आणि चूक लपून राहते. तीन कण घेतले की ती उघडी पडते: ६ की ८? दहा कण घेतले तर २० की १०२४? खरं उत्तर ८ आणि १०२४. म्हणून मी वर्गात दोन कणांवर कधीच थांबत नाही. निदान मोजणी तरी तिघांची करून घेते.

होड्यांचा दृष्टान्त इथपर्यंतच चालतो. कंदील पेटलेला असतो नाहीतर विझलेला. स्पिनच्या बाबतीत मात्र या चारही शक्यता आपापले सहगुणक घेऊन एकाच वेळी एका अवस्थेत असू शकतात: ↑↑, ↑↓, ↓↑, ↓↓, प्रत्येकीपुढे एक संमिश्र संख्या. टेन्सर गुणाकाराने मिळणारं चौमिती अवकाश म्हणजे या चार संख्यांची यादी.

आता ऑपरेटर. काही वर्षांपूर्वीचा एक तास माझ्या अजून लक्षात आहे. जुलै महिना होता, पत्र्यावर पाऊस इतका की शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचत नव्हता, म्हणून मी एका मुलीलाच फळ्यावर बोलावलं आणि दोन कणांचा एकूण एस-झेड, म्हणजे स्पिनचा झेड दिशेतला घटक, लिहायला सांगितलं. (इथून पुढे एच-बार, म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले २π, सगळीकडे १ धरला आहे.) तिने कर्णावर +½, −½ असलेली दोन मॅट्रिक्स लिहिली आणि मिळवली. उत्तर आलं: कर्णावर +१ आणि −१. दोन्ही वर असले तर +१, दोन्ही खाली असले तर −१, त्यामुळे तिला ते पटलंही. मी विचारलं, एक वर आणि एक खाली असेल तर? ती फळ्याकडे बघत राहिली, कारण त्या मॅट्रिक्समध्ये ती अवस्था लिहायला जागाच नव्हती. दोन बाय दोनचं मॅट्रिक्स एकाच कणाबद्दल बोलतं. तिने केलेली बेरीज म्हणजे एकाच कणाच्या स्पिनची दुप्पट होती.

बरोबर लिहायचं तर प्रत्येक ऑपरेटरला आधी चौमिती अवकाशात आणायला हवं. पहिल्या कणाचा ऑपरेटर पहिल्यावर काम करतो आणि दुसऱ्याला हात लावत नाही, म्हणून तो 'एस ⊗ १'. दुसऱ्याचा '१ ⊗ एस'. इथला १ म्हणजे एकक मॅट्रिक्स. यादीचा क्रम ↑↑, ↑↓, ↓↑, ↓↓ असा ठेवला तर पहिल्याच्या एस-झेडच्या कर्णावर ½, ½, −½, −½ येतात आणि दुसऱ्याच्या कर्णावर ½, −½, ½, −½. या दोन चार बाय चार मॅट्रिक्सची बेरीज करा: १, ०, ०, −१. हरवलेली अवस्था सापडली, आणि एक नाही, दोन सापडल्या.

काही जण 'एस ⊗ एस' लिहून त्यालाच एकूण स्पिन समजतात. तो दोन स्पिनचा गुणाकार आहे. मग एकूण स्पिनसाठी बेरीजच का? स्पिन म्हणजे परिवलनाचा जनक, हे तुम्ही शिकला असाल. पूर्ण प्रणाली थोडीशी फिरवायची तर दोन्ही कण सारख्याच लहान कोनातून फिरवावे लागतात, आणि अवस्थेत ते गुणाकाराने जोडलेले आहेत. (१ + लहान) ⊗ (१ + लहान) सोडवा. लहानाचा वर्ग सोडून दिला की १ ⊗ १ उरतो आणि त्यापुढे दोन पदांची बेरीज उरते: 'लहान ⊗ १' अधिक '१ ⊗ लहान'. अकरावीत गुणाकाराचं विकलन शिकलात, पहिल्याचं विकलन गुणिले दुसरा अधिक पहिला गुणिले दुसऱ्याचं विकलन, तेच हे. अवस्था गुणल्या जातात *म्हणूनच* ऑपरेटर मिळवले जातात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तो मला जास्त आवडला, कारण बहुतेक मुलं परीक्षेपुरतं पाठ करून पुढे जातात आणि तिथला गोंधळ तसाच राहतो.

एस-झेडची बेरीज शून्य असणं आणि एकूण स्पिन शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस-झेड हा फक्त एका दिशेचा घटक. एकूण स्पिन कळतो तो एस-वर्गावरून, आणि त्यात तिन्ही दिशा येतात. एकूण एस-वर्ग म्हणजे पहिल्याचा वर्ग, दुसऱ्याचा वर्ग आणि दुप्पट एस१·एस२. वर्गाची किंमत स्पिन × (स्पिन + १) असते, म्हणून स्पिन-अर्ध कणासाठी ती नेहमीच ¾, म्हणजे एकूण वर्ग = ³⁄₂ + २ एस१·एस२. सगळी गंमत या शेवटच्या पदात आहे. ते ↑↓ वर चालवून बघा. झेड दिशेचा भाग −¼ देतो आणि अवस्था तशीच ठेवतो. एक्स आणि वाय दिशांचे भाग मिळून एकाला खाली आणतात, दुसऱ्याला वर नेतात, म्हणजे ½ गुणिले ↓↑ देतात. हे सगळं एकत्र केलं की:

एस-वर्ग ↑↓ = ↑↓ + ↓↑
एस-वर्ग ↓↑ = ↑↓ + ↓↑

दोन्ही ओळींची उजवी बाजू सारखीच आहे. म्हणून ओळी मिळवल्या तर ↑↓ + ↓↑ ला दुप्पट मिळते, आणि २ = १ × (१ + १), म्हणजे स्पिन १. वजा केल्या तर शून्य, म्हणजे स्पिन ०. नुसत्या ↑↓ ला ठरावीक एकूण स्पिनच नाही. मोजला तर निम्म्या वेळा १ येईल, निम्म्या वेळा ०. 'एक वर, एक खाली, म्हणून शून्य' हे वाक्य इथेच मोडतं.

हे वाचून हिशेब पटेल, पण मनाला पटेलच असं नाही. मला स्वतःला ते पटलं पुढचं करून बघितल्यावर, म्हणून वर्गातही हे हाताने करून घेते. झेड सोडा आणि दोन्ही कण एक्स दिशेत मोजा. → म्हणजे (↑ + ↓)/√२ आणि ← म्हणजे (↑ − ↓)/√२. कागदावर →→ − ←← सोडवा. ↑↑ आणि ↓↓ कटतात आणि उरतं नेमकं ↑↓ + ↓↑. म्हणजे झेड दिशेत जी जोडी कायम उलटसुलट दिसते, तीच एक्स दिशेत मोजली तर कायम *एकसारखी* निघते, दोघेही → किंवा दोघेही ←. हे दोन कण एकमेकांना खोडत नाहीत. दोघांचा मिळून स्पिन १ आहे, फक्त तो झेड अक्षाला आडवा पडला आहे. आता →← − ←→ सोडवा. येतं ↓↑ − ↑↓, म्हणजे चिन्ह सोडलं तर पुन्हा तीच वजावाली अवस्था. ती एक्स दिशेतही उलटसुलट, वाय दिशेतही उलटसुलट, कुठूनही बघा, उलटसुलटच. कोणत्याही दिशेला जिचा घटक सापडत नाही तीच खरी शून्य. एका चिन्हाने पडलेला फरक तो हा.

↑↑, ↑↓ + ↓↑ आणि ↓↓ हा स्पिन १ चा तिघांचा गट, त्याला ट्रिप्लेट म्हणतात. ↑↓ − ↓↑ एकटी, ती सिंग्लेट. चार अवस्था होत्या तेवढ्याच राहिल्या, गटवारी बदलली: २ ⊗ २ = ३ ⊕ १. वर जी 'किंवा'ची सरळ बेरीज सांगितली ती इथे परत आली. एकूण स्पिन १ *किंवा* ०.

सिंग्लेटबद्दल आणखी एक, कारण तुम्ही कण 'गुंतण्याचा' ओझरता उल्लेख केला होता. पहिल्या कणाची अवस्था (अ, ब) आणि दुसऱ्याची (क, ड) असेल, तर गुणाकारातून येणारे चार सहगुणक अक, अड, बक, बड. यात अक × बड आणि अड × बक सारखेच असायला हवेत. सिंग्लेटमध्ये अक आणि बड दोन्ही शून्य आहेत, पण अड × बक = −½ (पुढे १/√२ धरून). जुळत नाही. म्हणजे ही अवस्था दोन स्वतंत्र अवस्थांचा गुणाकार म्हणून लिहिताच येत नाही. कण गुंतलेले आहेत म्हणतात ते याच अर्थाने. टेन्सर गुणाकाराच्या *अवकाशातली* प्रत्येक अवस्था टेन्सर गुणाकार *असते* असं नाही, हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मग गणित सोडवताना कोणता बेसिस (ज्यांच्या भाषेत बाकीच्या लिहायच्या त्या मूळ अवस्थांचा संच) घ्यायचा, मूळच्या चार बाणांचा की ट्रिप्लेट-सिंग्लेटचा? हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि याचं एक उत्तर मी देणार नाही. दोन स्पिन एकमेकांशी बोलत असतील, म्हणजे ऊर्जेत एस१·एस२ असेल, तर ट्रिप्लेट-सिंग्लेट घ्या. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र जोरदार असेल आणि प्रत्येक स्पिन त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलत असेल, तर बाणांचा बेसिस सोपा. दोन्ही तुल्यबळ असतील तर चार बाय चारचं मॅट्रिक्स लिहून सोडवावंच लागतं.

हायड्रोजनचं उदाहरण घेऊ. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दोघेही स्पिन-अर्ध, आणि तळच्या पातळीत त्यांची परस्परक्रिया 'स्थिरांक गुणिले एस१·एस२' अशी. ट्रिप्लेटमध्ये एस१·एस२ ची किंमत ¼, सिंग्लेटमध्ये −¾. (तीन वेळा ¼ आणि एक वेळा −¾ मिळून शून्य. हा ताळा नेहमी करून बघा.) दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे तो स्थिरांकच, आणि निसर्गात ते अंतर सुमारे १४२० मेगाहर्ट्झ भरतं. तरंगलांबी २१ सेंटिमीटर. आकाशगंगेतल्या थंड हायड्रोजनकडून हाच संदेश येतो. १९५१ साली तो पहिल्यांदा पकडला गेला. घाट चढून नारायणगावजवळ खोडदला गेलात तर ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दिसतील. त्या ज्या रेडिओ लहरी टिपतात त्यांत ही रेषाही आहे. ट्रिप्लेटमधून सिंग्लेटमध्ये उतरायला एका अणूला सरासरी १ कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो, पण अवकाशात अणूच इतके आहेत की संदेश अखंड येत राहतो. बाहेरून सुमारे ०.०५ टेस्लाचं क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनचं त्या क्षेत्राशी असलेलं नातं आणि प्रोटॉनशी असलेलं नातं सारख्याच तोलाचं होतं. त्याच्या खूप खाली असाल तर ट्रिप्लेट-सिंग्लेट, खूप वर असाल तर बाण.

इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन वेगळे कण आहेत, त्यामुळे त्यांना चारही अवस्था कसल्याही अटीशिवाय मोकळ्या आहेत. दोन इलेक्ट्रॉन असले की अट येते. पाउलीच्या नियमाने पूर्ण अवस्थेत दोघांची अदलाबदल केली की चिन्ह बदलायला हवं. ट्रिप्लेट अदलाबदलीत तसाच राहतो, म्हणून अवकाशातल्या भागाने, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते सांगणाऱ्या भागाने, चिन्ह बदलायला हवं. सिंग्लेटचं याच्या उलट. ही अट टेन्सर गुणाकारातून आपोआप येत नाही, ती वरून लावावी लागते. उत्तरपत्रिकांत ही चूक मला वारंवार दिसते: हायड्रोजनला पाउली लावलेला, आणि हेलियमला लावायचा राहिलेला.

हेलियमचा विषय निघाला तर विजयदुर्गाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचं नातं सांगतात. सहलीला गेलं की मुलं विचारतात, सूर्यप्रकाशात हेलियमची पिवळी रेषा पाहणारा इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इथे आला होता का? तो त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या ज्वालांतली ती पिवळी रेषा त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथून पाहिली. पण त्या ओट्यावर उभं राहून मी मुलांना सांगते ते दुसरंच: ती पिवळी रेषा, ५८७.६ नॅनोमीटरची, ट्रिप्लेटची आहे. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन मिळून १ झालेले असतात तेव्हाच ती निघते. सिंग्लेटची तिची जोडीदार रेषा लाल आहे, ६६७.८ नॅनोमीटरवर. या दोन कुटुंबांच्या रेषा एकमेकींत इतक्या कमी मिसळतात, की १८९५ साली रुंगे आणि पाशेन यांना हेलियम म्हणजे दोन वायूंचं मिश्रण असावं असं वाटलं होतं. उलगडा १९२६ मध्ये हायझेनबर्गने केला. ट्रिप्लेटमध्ये अवकाशातला भाग अदलाबदलीत चिन्ह बदलतो, त्यामुळे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी सापडण्याची शक्यता शून्य असते. ते एकमेकांपासून दूर राहतात, त्यांचं विद्युत प्रतिकर्षण कमी भरतं, आणि पातळी खाली येते. एक इलेक्ट्रॉन १एस मध्ये आणि दुसरा २एस मध्ये असताना हा फरक सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतो. दोन स्पिनमधल्या चुंबकीय ओढीने एवढा फरक कधीच पडला नसता. मधे फक्त ते एक चिन्ह आहे, अधिक की वजा.

थोडक्यात उजळणी: 'आणि' असेल तिथे ⊗. प्रत्येक ऑपरेटर आधी मोठ्या अवकाशात आणायचा, मग बेरीज. एकूण स्पिन एस-झेडवरून ठरवायचा नाही, एस-वर्गावरून ठरवायचा. बेसिस ऊर्जा बघून निवडायचा. कण सारखे असतील तरच पाउलीची अट.

इतर स्पिनसाठी हाच रस्ता, फक्त मोजणी मोठी. स्पिन १ आणि स्पिन ½ : ३ × २ = ६, त्यातून स्पिन ³⁄₂ च्या ४ आणि स्पिन ½ च्या २. तीन इलेक्ट्रॉनांसाठी (सध्या फक्त स्पिनचा भाग) ८ = ४ + २ + २. तुम्ही पुढे हेच करून बघा, पण तिथे स्पिन ½ चे दोन गट येतात आणि एस-वर्ग व एस-झेड दोन्ही सांगूनही ते वेगळे ओळखता येत नाहीत. तिथे अडलात तर पहिल्या दोन कणांचाच एकूण स्पिन तपासा: एका गटात तो १ निघेल, दुसऱ्यात ०.